चौकटीत कोण आहे आणि म्हणणं कोणाचं आहे

माहितीपट करायला शिकणारी आमची मुलं 'विविधता' आणि 'प्रतिनिधित्व' हे दोन शब्द एका दमात उच्चारतात. त्यांचे कच्चे कट, म्हणजे पहिली जुळणी, बघायला बसले की पहिला वाद बहुधा याच जोडीवरून होतो. विषय फसलेल्या चित्रपटाचा असेल तर जास्तच, कारण चित्रपट बुडतो तेव्हा सगळं युनिट बुडतं, पण ती गोष्ट सांगायला पुढे येतो तो दिग्दर्शक.

विविधता म्हणजे कोण कोण आहे: पडद्यावर आणि कॅमेऱ्यामागे किती बायका, कोणत्या जातींचे, भाषांचे, वयांचे लोक. यादी केली की कळतं. प्रतिनिधित्व यादीत सापडत नाही. माणूस स्वतः बोलतो की त्याच्याविषयी दुसराच बोलतो? आणि त्याचं बोलणं मुख्य माणसाला अडचणीचं असेल तर ते एडिटिंगमध्ये टिकतं का?

१९९२ साली सिंगापूरमध्ये सँडी टॅन, जास्मिन इंग आणि सोफी सिद्दीक या तरुण मैत्रिणींनी 'शर्कर्स' नावाच्या चित्रपटाचं शूटिंग केलं. पटकथा सँडीची, प्रमुख भूमिकाही तिचीच. तिथे तेव्हा स्वतंत्र चित्रपट जवळजवळ निघतच नव्हते. यादी काढली तर हे युनिट उत्तम ठरेल. पण दिग्दर्शक होता त्यांना सिनेमा शिकवणारा, वयाने बराच मोठा जॉर्ज कार्डोना, आणि शूटिंग संपल्यावर तो फिल्मचे डबे घेऊन नाहीसा झाला. मुली सेटवर सगळीकडे होत्या, तरी चित्रपटावर त्यांचा ताबा नव्हता.

कार्डोनाच्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये, ते डबे सँडीला परत मिळाले, आवाज मात्र गेलेला होता. त्यावर तिने २०१८ मध्ये त्याच नावाचा माहितीपट केला. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे जास्मिन सँडीला तिच्या तेव्हाच्या वागण्याबद्दल कॅमेऱ्यासमोर फटकारते तो. सँडीला ते सहज कापता आलं असतं. तिने ठेवलं, आणि त्यामुळे फसलेल्या चित्रपटाची जास्मिनची बाजू जास्मिनच्याच तोंडून आपल्यापर्यंत पोचते.

उलट बाजूही आहे. दिग्दर्शक टेरी गिलियमचा 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीवरचा चित्रपट २००० साली स्पेनमध्ये काही दिवसांतच बंद पडला: डोक्यावर लढाऊ विमानांचा आवाज, मग अचानक पूर, मग प्रमुख नटाचं आजारपण. त्यावरच्या 'लॉस्ट इन ला मांचा' या माहितीपटात बहुतेक वेळ युरोप-अमेरिकेतले पुरुषच दिसतात. विविधता बेताची. पण कोसळणारं वेळापत्रक सावरताना पहिला सहायक दिग्दर्शक फिल पॅटरसन कसा पिळवटून निघतो, ते त्यात नीट दिसतं. एरवी असा माणूस श्रेयनामावलीत एक नाव होऊन जातो.

आमच्या मुलांनी एका अर्धवट राहिलेल्या मराठी चित्रपटावर माहितीपट केला. स्पॉटदादा, लाइटमन, हेअरड्रेसर ताई, सगळे होते, म्हणून मुलं खूश होती. मी घड्याळ लावून बसायला सांगितलं. २२ मिनिटांत दिग्दर्शक १४ मिनिटं बोलत होता. ताई तीन शॉटमध्ये विग विंचरताना दिसल्या, आणि त्या शॉटवरही आवाज दिग्दर्शकाचाच.

मुलं पुन्हा गेली. सगळ्यांना विचारला तोच प्रश्न ताईंनाही विचारला: पिक्चर फसला हे तुम्हाला कधी कळलं? दिग्दर्शकाचं उत्तर होतं, फायनान्सरने हात काढला तेव्हा. ताई म्हणाल्या, तिसऱ्याच दिवशी. रात्रीचं शूटिंग संपलं, सोडायला गाडी नव्हती, आणि त्या पहाटे एकट्या चालत स्टेशनला गेल्या. पुढे नऊ दिवसांच्या कामाचे पैसे बुडाले.

माहितीपट आता त्या पहाटेपासून सुरू होतो. दिग्दर्शकाची मुलाखत त्यानंतर येते.