पिव्का वाढलाय, पण गाठीमुळेच का?

यकृताच्या कॅन्सरच्या गाठीचा अंदाज घ्यायला रक्तात दोन गोष्टी मोजतात: एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) आणि पिव्का-टू. एएफपी बहुतेकांना ठाऊक असतो. गर्भाच्या यकृतात बनणारं प्रथिन, जन्मानंतर जवळपास बंद होतं, यकृताच्या कॅन्सरमध्ये पुन्हा चढतं. हिपॅटायटिस उसळला तरी चढतं, गरोदरपणात तर चढतंच. बऱ्याच गाठी एएफपी सोडतच नाहीत, त्यामुळे तो नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नयेत. एवढं पुरे.

घोळ असतो तो पिव्का-टूचा. पुण्यातल्या लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, दोन्ही आकडे एकाखाली एक, आणि घरचे हिशेब मांडतात: एएफपी १२, पिव्का ६००, म्हणजे पन्नास पट! अहो, एककंच वेगळी आहेत. एकाची नेहमीची मर्यादा १० ते २० नॅनोग्रॅम, दुसऱ्याची ४० एमएयू. भागाकार कसला करता?

खरी मेख पुढे आहे. पिव्का म्हणजे अर्धवट राहिलेलं प्रोथ्रोम्बिन. रक्त गोठवणारं हे प्रथिन यकृत बनवतं, पण ते पुरं व्हायला व्हिटॅमिन के लागतं. गाठीच्या पेशींत हे काम बिघडतं. मात्र के कमी पडलं तर चांगल्या पेशीही तसाच अर्धवट माल रक्तात सोडतात. पित्तनलिका तुंबून कावीळ झाली की पित्त आतड्यात उतरत नाही आणि के शोषलं जात नाही. बरेच दिवस अँटिबायोटिक चालू आणि खाणं बंद असलं तरी तेच. वॉरफरिन, अ‍ॅसेनोकुमारॉल तर केचंच काम अडवतात. इथे ‘रक्त पातळ करायची गोळी’ एवढं सांगून भागत नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलने पिव्का वाढत नाही. गोळीचं नाव सांगा.

गाठीमुळे चढलेला पिव्का मात्र गांभीर्याने घ्यावा. गाठ बारीक रक्तवाहिन्यांत किंवा पोर्टल व्हेनमध्ये (यकृताकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत) शिरण्याशी आणि ऑपरेशननंतर आजार उलटण्याशी त्याचा संबंध आहे. एएफपी हजारावर असेल तर यकृत प्रत्यारोपणाचा विचारही सावधपणे होतो. दोन्ही चढलेले असतील तर चित्र आणखी अवघड.

म्हणूनच पहिला आकडा स्वच्छ हवा. भर काविळीत पिव्का काढला, मग तुंबलेल्या पित्तनलिकेत स्टेंट (नळी) बसला, केचं इंजेक्शन झालं, त्यातच टेस (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद करण्याचा उपचार) केलं आणि पिव्का घसरला, तर श्रेय कुणाचं? सर्रास टेसला दिलं जातं आणि गाठ जागेवरच असते. त्याच रक्तात बिलिरुबिन (काविळीचं माप) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) बघावं. पीटी नॉर्मल आहे यावर विसंबू नये. के किंचित कमी पडलं की आधी पिव्का चढतो, पीटी मागून लांबतो. शंका असेल तर डॉक्टर के देऊन काही दिवसांनी तपासणी पुन्हा करतात. कमतरतेचा पिव्का उतरतो, गाठीचा बहुतांशी तिथेच राहतो.

वॉरफरिनवाल्यांनी हा प्रयोग करू नये. हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह असताना गोळी थांबवली किंवा के घेतलं तर गुठळी होऊन जिवावर बेतेल. त्यांच्या बाबतीत पिव्का बाजूला ठेवून एएफपी आणि सीटी किंवा एमआरआयवरच भर द्यावा. आणि दर वेळी लॅब एकच ठेवा. किट बदललं की आकडाही बदलतो.