लॉन्सडेल: मुरलेल्या सिगारच्या वादामागची पार्श्वभूमी

लॉन्सडेल हा क्युबाच्या सिगारचा लांब, बारीक आकार. ती पेटीत ठेवून किती वर्षं मुरवावी आणि या आकाराच्या बहुतेक सिगार बंद का झाल्या, यावर शौकिनांत वाद चालतो. राफाएल गॉन्झालेस या हवानाच्या ब्रँडच्या पेटीवर एक इंग्रजी सूचना छापलेली असे. सिगारचा खरा दरवळ हवा असेल तर हवानाहून माल निघाल्यापासून महिन्याभरात ती ओढावी, नाहीतर वर्षभर नीट मुरू द्यावी, असा तिचा मथितार्थ. मधल्या अकरा महिन्यांबद्दल सूचनेत अवाक्षर नाही. जाणकार त्याचा अर्थ सरळ घेतात: त्या काळात पेटीला हात लावू नये. हा ब्रँड दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी निघाला आणि त्याचा सगळ्यात गाजलेला आकार म्हणजे 165 मिलिमीटर लांब, 42 गेजचा लॉन्सडेल (गेज म्हणजे जाडीचं माप, इंचाचा चौसष्टावा भाग). ज्या इंग्रज उमरावाचं नाव या आकाराला मिळालं त्याचं चित्र पेटीच्या झाकणाच्या आत असे. ब्रिटिश बॉक्सिंगमधला मानाचा पट्टाही त्याच्याच नावाचा. थोडक्यात, लॉन्सडेल किती वर्षं मुरवायची हा आजकालच्या हौशी लोकांनी काढलेला विषय नाही. तो पेटीसोबतच आलेला आहे.

कारखान्यात या आकाराला सर्व्हांतेस म्हणतात. त्याच साच्यातल्या सिगार डझनभर ब्रँडच्या नावांनी बाजारात येत, फक्त आतल्या पानांचं मिश्रण वेगळं. 1935 मध्ये आलेली मॉन्टेक्रिस्टो नंबर 1 ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. पार्टागास 8-9-8 आणि कोहिबा सिग्लो 5 यांनाही बरेच जण सर्रास लॉन्सडेल म्हणतात, पण त्या दालियास साच्यातल्या: 170 मिलिमीटर, 43 गेज. कर्मठ मंडळींना हे चालत नाही. प्रत्यक्ष ओढताना एका गेजचा फरक कुणाला कळतो हा प्रश्न वेगळा.

मुरवण्याची सवय लंडनची. माल बोटीनं यायचा, दमट असायचा आणि आयातदार तो आधी गोदामात ठेवायचे. बडी गिऱ्हाइकं पेटी विकत घेऊन दुकानदाराकडेच सोडून जायची. क्युबात मात्र ताजी सिगार ओढण्याचीच रीत होती आणि आजही आहे; वळणाऱ्या कामगाराला तर रोज थोड्या सिगार घरी न्यायला मिळतात, त्या मुरवत कोण बसतो?

क्रांतीनंतरचा इतिहास बहुतेकांना पाठ आहे. सप्टेंबर 1960 मध्ये कारखाने सरकारजमा झाले आणि फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेनं निर्बंध घातले. सही करण्याआधी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी आपल्या माध्यम सचिवाला हजारभर सिगारचा साठा करायला पिटाळलं, तो किस्साही सगळ्यांना माहीत आहे (त्या पेटिट अपमन या आखूड सिगार होत्या, लॉन्सडेल नव्हे). पुढे 1979-80 मध्ये निळ्या बुरशीनं पिनार देल रिओ या तंबाखूच्या प्रांतातलं जवळजवळ सगळं पीक बसवलं. मुरवणाऱ्यांच्या दृष्टीनं या कालखंडातल्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या: जुन्या मालकांच्या काळातला माल आता संपत जाणारा ठेवा झाला, आणि पेटीवरचे शिक्के बदलले. 1961 पासून तळाला 'एचो एन कुबा', म्हणजे क्युबात बनवलेली, येऊ लागलं. 1989 पासून त्यात 'तोतालमेन्ते आ मानो', म्हणजे पूर्णपणे हातानं बनवलेली, याची भर पडली.

जुनी पेटी हातात आली की जाणकार आधी ती उलटी करतो. 1985 पासून तळावर कारखान्याचा संकेत आणि चार अक्षरं असायची. 'निवेल आकूसो' या दोन स्पॅनिश शब्दांत मिळून दहा अक्षरं आहेत आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा: एन म्हणजे एक, आय म्हणजे दोन, असं करत शेवटचा ओ म्हणजे शून्य. तळावर ओ-ए-एस-सी असेल तर ते 0697, म्हणजे जून 1997. ही किल्ली कळली तसे दुकानात सिगार सोडून पेटीचं बूड न्याहाळणारे लोक दिसायला लागले. शेवटी 2000 च्या सुमारास लपवाछपवी संपली आणि महिना-वर्ष सरळ छापलं जाऊ लागलं. यात एक गफलत मात्र कायम होते. ती तारीख पेटी भरल्याची असते, सिगार वळल्याची नव्हे. वळल्यानंतर सिगार देवदाराच्या कपाटांत ओल सोडत पडून राहते आणि आतलं पान त्याच्याही आधी गाठोड्यांत काही महिने ते काही वर्षं काढून आलेलं असतं. 'माझी पेटी बरोबर दहा वर्षांची' या वाक्यातलं 'बरोबर' त्यामुळे फार ताणू नये.

मुरताना होतं काय? पानांच्या ढिगांत सुरू झालेली आंबण्याची क्रिया वळलेल्या सिगारमध्ये अगदी संथ गतीनं चालू राहते. त्यातून अमोनिया सुटतो. नव्या पेटीचं झाकण उघडल्यावर नाकाला जो उग्र भपका जाणवतो तो हाच. या टप्प्यातल्या सिगारला इंग्रजीभाषक शौकीन 'आजारी' म्हणतात. नवं लोणचं जसं आधी नुसतं खारट-कडू लागतं आणि फोडींत खार उतरल्यावर एकजीव होतं, तसं पुढे पानांचा तुरटपणा मावळतो. हाँगकाँगच्या एका संग्राहकानं क्रांतीनंतरच्या हवाना सिगारचा मोठा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात मुरण्याचे क्रमवार टप्पे मांडले: आधी आजारपण, मग पहिली परिपक्वता, मग दुसरी, आणि सौम्य सुगंधाची तिसरी. आज या विषयावर बोलणारे बहुतेक लोक, कळत-नकळत, त्याच चौकटीत बोलतात. टप्प्यांना वर्षं चिकटवायची म्हटली की मात्र दोघांचं एकमत होत नाही.

लॉन्सडेलचे चाहते इथे आपली बाजू जोरात मांडतात आणि ती मला पटते. 42 गेज म्हणजे जेमतेम 16.7 मिलिमीटर व्यास. पोटातल्या पानांच्या तुलनेत वरच्या पानाचा वाटा जास्त, त्यामुळे ते मुरल्यावर येणारी नाजूक चव इथे ठळक कळते. जाड सिगारमध्ये ती आतल्या मसाल्याखाली दबते. लांबीमुळे धूर थंड होऊन तोंडात येतो, आणि पहिल्या एक-तृतीयांश भागापासून शेवटच्या भागापर्यंत चव बदलत जाताना समजते. पन्नास सिगारच्या लाकडी पेटीत, म्हणजे कॅबिनेटमध्ये, पिवळ्या रेशमी फितीनं बांधलेल्या जुडीतल्या सिगार पंचवीसच्या चपट्या पेटीतल्यांपेक्षा चांगल्या मुरतात, हाही या लोकांचा लाडका दावा. साठवण मात्र सगळ्यांसाठी सारखीच: 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि वीसच्या खाली तापमान, कारण उष्णता वाढली की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि वरच्या पानाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. जुन्या सिगारवर दिसणारी पांढरी भुकटी हे मुरल्याचं तेज की साधी बुरशी, यावर तासन्‌तास वाद चालतो. मुंबईत ऐन जुलैत पेटी कपाटात विसरणाऱ्याला असा वाद घालावा लागत नाही. ती बुरशीच असते.

आता खरा मुद्दा. सोव्हिएत आधार गेल्यावर नव्वदच्या दशकात क्युबाला परकीय चलनाची निकड होती आणि नेमकी त्याच वेळी, 1992 पासून पुढे, अमेरिकेत सिगारची लाट आली. निर्बंध असूनही त्या लाटेनं जगभरची मागणी उचलली. हवानात वर्षाला 20 कोटी सिगारच्या निर्यातीची भाषा होऊ लागली. नवे कारखाने उघडले, नवशिक्यांना भराभर बाकांवर बसवलं गेलं. त्याच सुमाराला निळ्या बुरशीला बळी पडणारं जुनं कोरोहो वाण मागे पडलं. त्याच्या जागी आलेलं हबाना 2000 नीट जळेना, म्हणून मग क्रिओयो 98 आणि कोरोहो 99 आणावी लागली. परिणाम असा की 1998 ते 2001 मधल्या पेट्यांत न ओढता येणाऱ्या, आतून गच्च बसलेल्या सिगार कितीतरी निघाल्या. बारीक आणि लांब सिगारमध्ये हा दोष सगळ्यात आधी दिसतो: एखादं पान जरी आत पिळलं गेलं तरी वाट बंद. त्या वर्षांतल्या लॉन्सडेलची बदनामी झाली ती अशी. मुरवून हा दोष जात नाही. दहा वर्षं ठेवा, गच्च ती गच्चच.

2000 मध्ये सरकारी निर्यात कंपनीतला निम्मा हिस्सा एका युरोपीय तंबाखू कंपनीनं घेतला. कारखान्यांत झुरक्याचा दाब तपासणारी यंत्रं आली, वळण्याचा दर्जा सुधारला. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच मंडळींनी यादीची छाटणीही सुरू केली. 2002 पासून पुढच्या दहाएक वर्षांत लॉन्सडेल एकामागून एक गळत गेल्या: एल रे देल मुंदोची, पार्टागासची, साँचो पान्साची मोलिनोस आणि ज्या ब्रँडमुळे आकाराला नाव मिळालं त्या राफाएल गॉन्झालेसचीसुद्धा. जाहीर समारंभ वगैरे काही नाही. दुकानदाराला नव्या यादीत ओळ सापडायची नाही, एवढंच.

निर्णयाच्या बाजूनं सांगितलं जातं ते असं. एकाच साच्यातल्या इतक्या सिगार इतक्या ब्रँडखाली ठेवणं खर्चिक होतं आणि त्यातल्या काही वर्षाला मोजक्याच पेट्या खपत. लोकांकडे वेळ उरला नव्हता. आयर्लंडमध्ये 2004 ला आणि इंग्लंडमध्ये 2007 ला बंदिस्त जागेत धूम्रपानाला मनाई झाल्यावर थंडीत बाहेर उभं राहून सव्वा तासाची सिगार ओढणार कोण? आखूड आणि जाड आकार, म्हणजे 2004 ची मॉन्टेक्रिस्टो एडमुंडो किंवा 2006 ची पेटिट एडमुंडो, दोन्ही 52 गेजच्या, हातोहात गेल्या. शिवाय जाड सिगारच्या पोटात लिखेरोचं जोरकस पान भरपूर मावतं आणि नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या झुरक्यालाच जोर हवा असतो.

हे सगळं मान्य केलं तरी हिशेब पूर्ण जुळत नाही. बारीक सिगार वळणं अवघड म्हणून ती काढली असं काही जण म्हणतात. पण मॉन्टेक्रिस्टो नंबर 4 सुद्धा 42 गेजचीच, फक्त 129 मिलिमीटरची, आणि ती वर्षानुवर्षं क्युबाची सर्वाधिक खपणारी सिगार होती. म्हणजे ते गेज वळणारे हात भरपूर होते. लांबीमुळे धोका वाढतो हे खरं, पण ज्या काळात दाब तपासायची यंत्रं आली त्याच काळात आकार बंद करणं म्हणजे औषध मिळाल्यावर रोग्याला घालवून देणं झालं. खपाच्या आकड्यांचंही तेच. 1998 ते 2001 च्या गच्च मालानं पोळलेली गिऱ्हाइकं लांब-बारीक सिगारपासून दूर गेली, खप पडला आणि मग पडलेल्या खपाचं कारण दाखवून आकार बंद झाला. शिवाय 2000 पासून मर्यादित आवृत्त्या आणि 2005 पासून प्रादेशिक आवृत्त्या निघू लागल्या. दर वर्षी नवी नावं, नव्या पट्ट्या, चढे दर. तिथे विविधता परवडत होती, नेहमीच्या यादीत मात्र नव्हती, हे गणित समजायला फार हुशारी लागत नाही. जुने विक्रेते यावर एवढंच म्हणतात की तुम्ही चाहते तेव्हा पेट्या घेत नव्हतात. त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही.

याचा मुरवणाऱ्यांवर झालेला परिणाम उलटा होता. आकार बंद झाल्याची बातमी फुटली की उरलेल्या पेट्या रातोरात उचलल्या जायच्या, ओढायला कमी आणि ठेवायला जास्त. लंडनच्या लिलावांत जुन्या हवाना सिगारना आधीपासून भाव होता. आता पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या साध्या रोजच्या लॉन्सडेललाही तो मिळू लागला. नव्वदच्या सुरुवातीच्या, जुन्या कोरोहो पानातल्या पेट्या तर वेगळ्याच पंक्तीत जाऊन बसल्या. त्या खरंच अधिक चांगल्या मुरल्या, की वाईट पेट्या लोकांनी कधीच फेकून दिल्यामुळे आपल्याला फक्त चांगल्याच भेटतात, हा प्रश्न भाव विचारणारे सहसा विचारत नाहीत.

निर्यातदारांनीही मुरवण्याचा धंदा ओळखला. 2003 मध्ये तीन वर्षं मुरवलेल्या पानांची कोहिबा रिझर्व्हा आली, 2009 मध्ये पाच वर्षांच्या पानांची ग्रान रिझर्व्हा. या दोन्हींत मुरतं ते सुटं पान. वळलेल्या सिगारचं पेटीत मुरणं ही वेगळी प्रक्रिया आहे. ते करून दाखवणारी आन्येहादोस ही मालिका 2015 च्या सुमाराला आली, वळून झालेल्या सिगार क्युबातच काही वर्षं ठेवून मग विकलेल्या. या मालिकेच्या सुरुवातीच्या सिगार रोमिओ इ हुलिएताची पिरामिदेस आणि मॉन्टेक्रिस्टोची चर्चिल होत्या. लॉन्सडेल त्यांत नव्हती.

2022 मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडचे दर जगभर हाँगकाँगच्या पातळीवर नेण्यात आले आणि सिग्लो 5 नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हाताबाहेर गेली. त्याच सप्टेंबरात इयान चक्रीवादळानं पिनार देल रिओतली पानं वाळवायची हजारो घरं पाडली, तेव्हापासून सगळ्याच मालाची ओढाताण आहे. नेहमीच्या यादीत टिकून राहिलेली खरी सर्व्हांतेस म्हणजे मॉन्टेक्रिस्टो नंबर 1. ती पंचवीसच्या चपट्या पेटीत येते. जे आज मुरवायला ठेवतात ते बहुतेक हीच ठेवतात आणि एकाच महिन्याच्या शिक्क्याच्या दोन पेट्या घेतात: एक मधूनमधून चाखायला, दुसरी न उघडता.