महासंघात नवा देश घ्यावा का? सरासरीत न दिसणारे लोकमत

युरोपीय महासंघाने आणखी देशांना सामावून घ्यावे का, या प्रश्नावरील लोकमत बातम्यांमध्ये बहुधा एकाच आकड्यात सांगितले जाते : इतके टक्के अनुकूल, इतके प्रतिकूल. हा आकडा मुख्यतः ‘युरोबॅरोमीटर’ या पाहणीतून येतो. युरोपीय आयोगातर्फे १९७४ पासून नियमितपणे होणाऱ्या या पाहणीत बहुतेक सदस्य देशांत प्रत्येकी सुमारे १,००० जणांना, तर लक्झेंबर्ग, माल्टा यांसारख्या छोट्या देशांत सुमारे ५०० जणांना प्रश्न विचारले जातात. १,००० जणांची निवड खरोखर यादृच्छिक असेल, तर मिळणारी टक्केवारी शंभरपैकी ९५ वेळा प्रत्यक्ष लोकमताच्या साधारण तीन टक्के अलीकडे-पलीकडे असते. संपूर्ण महासंघाचा आकडा काढताना प्रत्येक देशातील उत्तरांना त्याच्या लोकसंख्येनुसार भार दिला जातो, त्यामुळे जर्मनी, फ्रान्स आणि इटली येथील मतांचा त्यावर सर्वाधिक प्रभाव पडतो.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. मात्र महासंघातील प्रवेश अशा सरासरीवर ठरत नाही. महासंघाच्या कराराच्या ४९व्या कलमानुसार नव्या सदस्याला सर्व सदस्य देशांनी एकमताने संमती द्यावी लागते आणि प्रवेशाचा करार प्रत्येक देशाला आपापल्या राज्यघटनेप्रमाणे मंजूर करावा लागतो. तेथे माल्टाचा नकार जर्मनीच्या नकाराइतकाच निर्णायक असतो. उत्तर मॅसिडोनिया २००५ पासून उमेदवार देश आहे. आधी देशाच्या नावावरून ग्रीसने, २०१९ मध्ये फ्रान्सने आणि २०२० मध्ये इतिहास व भाषेच्या वादावरून बल्गेरियाने त्याची वाट अडवली. म्हणूनच या विषयावरील पाहणी वाचताना सरासरीपेक्षा सर्वांत कमी पाठिंबा कोणत्या देशात आहे, हे आधी पाहावे, असे मला वाटते.

प्रश्न कसा विचारला आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. ‘नवे देश’ असे मोघम विचारले, तर उत्तर देणाऱ्याच्या मनात कोणता देश आहे, हे कळत नाही. देशाचे नाव घेताच चित्र बदलते. २००५ च्या सुमारास झालेल्या पाहण्यांत नॉर्वे आणि स्वित्झर्लंड यांच्या प्रवेशाला सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचा पाठिंबा होता, तर तुर्कस्तानच्या प्रवेशाला जेमतेम एक-तृतीयांश. ज्यांचे स्वागत करायला युरोपीय नागरिक सर्वाधिक उत्सुक होते, त्या नॉर्वेच्या मतदारांनी मात्र १९७२ आणि १९९४ अशा दोन्ही सार्वमतांत सदस्यत्व नाकारले होते.

हा फरक का पडतो, याची दोन स्पष्टीकरणे संशोधनात दिली जातात. पहिले लाभ-हानीचे आहे : गरीब देश आला तर अनुदाने वाटली जातील आणि कमी वेतनावर काम करणारे कामगार येतील, ही भीती. २००४ मध्ये दहा देश एकदम आले, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन वगळता इतर जुन्या सदस्यांनी नव्या देशांतील कामगारांवर काही काळ निर्बंध ठेवले, त्यामागे हीच भीती होती. दुसरे स्पष्टीकरण राष्ट्रीय ओळखीचे आहे. आपल्या राष्ट्राची ओळख धोक्यात आहे, असे ज्यांना वाटते, ते स्वतःची आर्थिक स्थिती चांगली असतानाही विस्ताराला विरोध करतात. मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक वजनदार वाटते, कारण केवळ उत्पन्नाच्या हिशेबाने तुर्कस्तानला झालेला विरोध पुरता उलगडत नाही.

पाहणीत उत्तर देणारा आणि मतपेटीपर्यंत जाणारा नागरिक एकच असेल, असेही नाही. एप्रिल २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये युक्रेनबरोबरच्या सहयोग करारावर सल्लागार स्वरूपाचे सार्वमत झाले. मतदान सुमारे ३२ टक्के होते आणि त्यातील ६१ टक्के मते विरोधात पडली. म्हणजे एकूण मतदारांपैकी जवळपास एक-पंचमांश लोकांनी प्रत्यक्ष विरोध नोंदवला. तरीही डच सरकारला तो डावलता आला नाही. या करारामुळे युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा मिळत नाही, असा स्पष्ट निर्णय महासंघाच्या नेत्यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केला. रशियाच्या आक्रमणानंतर, जून २०२२ मध्ये, तोच दर्जा युक्रेनला देण्यात आला आणि नेदरलँड्सही त्याला अनुकूल होता.

नव्या देशाला घ्यावे का, असे जुन्या सदस्य देशाच्या नागरिकांना थेट विचारले गेल्याचे उदाहरण मात्र एकच आहे. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्या प्रवेशाबाबत फ्रान्सचे अध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांनी एप्रिल १९७२ मध्ये सार्वमत घेतले आणि सुमारे ६८ टक्के मतदारांनी होकार दिला. २००५ मध्ये फ्रान्सने राज्यघटनेतच अशा सार्वमताची तरतूद केली. २००८ च्या दुरुस्तीनंतर, दोन्ही सभागृहांनी तीन-पंचमांश बहुमताने ठराव केल्यास सार्वमताऐवजी संसदेतून मंजुरी घेता येते. ते बहुमत जमले नाही, तर सर्बिया, मोल्दोव्हा किंवा युक्रेनच्या प्रवेशाचा शेवटचा निर्णय फ्रेंच मतदारांकडे जाईल आणि तेव्हा संपूर्ण महासंघाच्या सरासरीपेक्षा फ्रान्समधील टक्केवारीच निर्णायक ठरेल.