पाणी उतरेपर्यंत
बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं : "जीव देतो म्हणणारा कधी देत नसतोय बघ." हे धडधडीत चूक आहे. जीव संपवणाऱ्या अनेकांनी आधी कुणाजवळ तरी, थट्टेत का होईना, ते बोलून दाखवलेलं असतं.

दुसरी चूक मथळ्यांची : 'नापास झाल्याने'. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. प्रत्येकामागे एकच कारण कसं असेल? आपली पंचगंगासुद्धा कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून होते. पाचवी सरस्वती गुप्त म्हणतात. इथला गुप्त प्रवाह म्हणजे कुणी न ओळखलेलं नैराश्य. त्यात आधीचा प्रयत्न, दारू, घरातली मारहाण, उडालेली झोप येऊन मिळते. निकाल ही फक्त शेवटची सर.

मला खिळवून ठेवतं ते पुढचं. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणजे "थांब, उद्या बघू" म्हणणारा मेंदूचा भाग. तो पंचविशीपर्यंत पक्का होत नाही. तिथल्या चेतापेशी एकमेकींना सतत संदेश देत विचार धरून ठेवतात. तीव्र ताणात नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं बेसुमार वाढतात, त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि संदेश विझत जातो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, तसंच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे नीट दिसलंय. म्हणजे पोरगं हट्टाला पेटलेलं नसतं, त्या घडीला त्याला दुसरी वाट दिसतच नसते. रसायनं ओसरली की जोडण्या पुन्हा जुळू लागतात.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पाणी त्याच्याही वर जातं, पण उतरतं. तोवर आपण नदीला उपदेश करत नाही, माणसं-जनावरं हलवतो. मरणाची तीव्र ओढही अशीच चढते नि ओसरते, कधी काही तासांतच. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून त्या काळात घरातलं घातक ते सगळं त्याच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. साडेसातीचा हिशेब आणि देवऋषाचा अंगारा यांत नेमके हेच तास वाया जातात.

विचारायचं कसं? सरळ. "मनात जीव द्यायचे विचार येतात का रे?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. "हो" आलं तर "वेड्यासारखं बोलू नको" म्हणायचं नाही. शेजारी बसायचं, ऐकायचं, डॉक्टरकडे सोबत जायचं. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री तीनलाही उचलतात आणि मराठीत बोलता येतं. फोन त्याने लावला नाही तर तुम्ही लावा. घरच्यांनाही तिथे विचारता येतं.