वाळवी, घरातील (मुंबई)

लाकूड, कागद, पुठ्ठा, सुती कापड अशा सेल्युलोजयुक्त वस्तू पोखरणाऱ्या समाजशील कीटकांचा घरातील प्रादुर्भाव, त्याची लक्षणे व त्यावरील उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. वाळवी किंवा उधई दिसायला मुंगीसारखी असली, तरी आधुनिक वर्गीकरणात ती झुरळांच्या गणात मोडते. मुंबईतील घरांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात : जमिनीशी किंवा ओलाव्याशी संपर्क राखून राहणारी कॉप्टोटर्मिस व हेटेरोटर्मिस या प्रजातींतील वाळवी आणि कोरड्या लाकडातच वस्ती करणारी क्रिप्टोटर्मिस. मोठे नुकसान बहुधा पहिल्या प्रकाराकडून होते.

कामकरी वाळवीचे अंग मऊ व पातळ त्वचेचे असल्याने ती उघड्या हवेत लवकर सुकते. म्हणूनच ती माती, लाळ व विष्ठा यांच्या लेपाने बंदिस्त नळ्या बांधून त्यांतून ये-जा करते. पाण्याची ही गरज लक्षात घेतली की मुंबईतील प्रादुर्भावाचे स्वरूप उलगडते. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, भिंतींवर येणारी ओल, संडास-न्हाणीघरांची गळती आणि मजल्यांमधून उभे गेलेले पाइपांचे डक्ट यांमुळे वाळवीला इमारतीतच पाणी मिळते. ती केवळ तळमजल्यावर लागते, हा समज त्यामुळे वारंवार खोटा ठरतो. भिंतीच्या पोकळीत सतत ओल असेल, तर कॉप्टोटर्मिस जमिनीशी संबंध न ठेवताही वरच्या मजल्यावर घरटे करू शकते.

ओळखण्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे चौकटीच्या कडेने, स्कर्टिंगवर किंवा कपाटाच्या पाठीमागे चढलेली मातीची नळी. तिचा थोडा भाग मोडून ठेवावा. काही दिवसांत तो पुन्हा बांधला गेला, तर वाळवी कार्यरत आहे. मात्र नळी तशीच मोडलेली राहिली म्हणून घर मुक्त झाले असे मानता येत नाही, कारण वाळवीने दुसरी वाट धरलेली असू शकते. लाकूड आतून पोखरताना वरचा पापुद्रा शाबूत ठेवला जातो. त्यामुळे ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, लॅमिनेट फुगणे आणि दाराची चौकट बोटाने दबणे ही लक्षणे उशिरा ध्यानात येतात. सिंकखालचे कपाट, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवलेला वॉर्डरोब आणि पोटमाळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी प्रथम तपासावीत. पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती येणारे पंखधारी कीटक बाहेरूनही आलेले असतात. परंतु गळलेल्या पंखांचा ढीग घरातील भेगेजवळ सापडला, तर शंका बळावते. पंखधारी मुंगीची कंबर बारीक व मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, तर वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख जवळजवळ सारखे असतात. फर्निचरखाली खसखशीसारखे पैलूदार कण साचले असतील, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी. पिठासारखा भुसा व बारीक गोल छिद्रे मात्र भुंगेऱ्यांची असतात आणि त्यांवरचा उपाय वेगळा असतो.

रॉकेल ओतणे किंवा झुरळांचा फवारा मारणे हा घरोघरचा उपाय समोर दिसणाऱ्या वाळवीपुरताच चालतो. राणी व वस्ती सुरक्षित राहतात. अस्तित्वातील इमारतींसाठीची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिली आहे. तळमजल्यावर जमीन व भिंत यांच्या सांध्याजवळ सुमारे ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून त्यांतून कीटकनाशक खालच्या मातीत सोडले जाते. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे वाळवीला जाणवत नाहीत. ती त्यांतून वावरते व विष इतरांपर्यंत पोहोचवते. पूर्वी प्रचलित असलेले आल्ड्रिन हे कीटकनाशक, निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या २००१च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानुसार त्याज्य ठरलेल्या रसायनांत मोडते. वरच्या मजल्यांवर खाली माती नसल्याने तीच पद्धत आंधळेपणाने वापरण्यात अर्थ नाही. तेथे औषध चौकटीमागे, भेगांत व बाधित लाकडात द्यावे लागते. न्हाणीघराच्या लादीत छिद्रे पाडल्यास जलरोधक थर फुटून नवी गळती सुरू होते, म्हणजे उपचारानेच वाळवीची सोय होते. पेस्ट कंट्रोल करणाऱ्याकडे कीटकनाशक अधिनियम १९६८ खालील परवाना असणे आवश्यक आहे.

एका सदनिकेतील फवारणी अनेकदा वाया जाते ती औषध निकृष्ट असल्यामुळे नव्हे, तर वाळवीचे पाणी शेजारच्या किंवा वरच्या घरातून येत असल्यामुळे. गळती बंद करणे, सामाईक डक्ट तपासणे आणि लगतच्या घरांची एकाच वेळी पाहणी करणे ही कामे सोसायटीच्या पातळीवरच होऊ शकतात व औषधाआधी ती व्हायला हवीत. नवे फर्निचर ओलसर भिंतीपासून थोडे अंतर राखून बसवावे. पाण्याला टिकणारे प्लायवूड आपोआप वाळवीरोधक असते असेही नाही.

दक्षिण व मध्य मुंबईतील जुन्या चाळींत प्रश्न अधिक गंभीर असतो, कारण तेथे लाकूड केवळ फर्निचरमध्ये नसून तुळया, कड्या, जिने व सज्जे यांत असते. सागाच्या गाभ्याचे लाकूड वाळवीला बराच काळ दाद देत नाही, पण बाहेरच्या फिकट लाकडाला ते संरक्षण नसते, आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके ओलीने कुजली की वाळवी तेथूनच शिरते. मधला भाग ठणठणीत दिसत असतानाही ही टोके टोच्याने तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. तेथे टोच्या सहज आत गेला, तर काम पेस्ट कंट्रोलवाल्याचे राहत नाही. आधी टेकू लावून संरचना अभियंत्याकडून तुळईची भारक्षमता ठरवून घ्यावी लागते व गरजेप्रमाणे तिच्या जागी लोखंडी तुळई बसवावी लागते.