सा छाटला की पंचम निघतो

गेल्या रविवारी कुंद्याचा डबा घेऊन बेळगावात अनगोळला बहिणीकडे गेलो, म्हटलं दहा मिनिटं बसून निघू, आणि बाहेर पडलो ते संध्याकाळी सातला. भाच्यामुळं. तो इंजिनिअरिंगला आहे, गणपतीत आणि लग्नात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, आणि त्यानं माडीवरच्या खोलीत स्टुलावर चार पेडलं मांडून ठेवली होती, म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मधे लावायच्या, पायानं दाबून आवाज बदलायच्या डब्या. एक ओव्हरड्राइव्ह, एक डिस्टॉर्शन, एक जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ (तिन्ही आवाज घरघरवणारी, कमी-जास्त) आणि एक त्यांच्या बेस गिटारवाल्याचं. दोन ठेवायची, बाकीची परत द्यायची, आठ दिवसांची मुदत. "मामा, तू इलेक्ट्रॉनिक्स शिकवलायस नव्हं, सांग कुठलं चांगलं."

मी तोंड उघडायच्या आत खालनं अण्णा वर आले. अण्णा म्हणजे दाजींचे थोरले भाऊ, तीस वर्षं बेंजो पार्टी चालवलेला माणूस. जिन्यातनंच ओरडले, "स्पीकर फाटलाय की गा तुमचा, बंद करा आधी!"

हा लेख त्या एका वाक्यामुळं. बहुतेक लोकांना असंच वाटतं, गिटारचा तो घरघरणारा आवाज म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि इतिहास बघितला तर अण्णांचं अगदीच चुकलं नाही. 1961 साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्सचं एक गाणं आलं, त्यात ग्रेडी मार्टिननं वाजवलेला बेसचा तुकडा मिक्सरचा एक चॅनेल बिघडल्यामुळं घरघरत रेकॉर्ड झाला. तो तसाच ठेवला, लोकांना आवडला, मग त्याच रेकॉर्डिंगचा इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यानं तो बिघाड मुद्दाम करणारं सर्किट जुळवलं आणि 1962 मध्ये गिब्सननं माएस्ट्रो फझ-टोन या नावानं त्याची डबी विकायला काढली. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, बस्स.

पण स्पीकर फाटणं वेगळं. कोनचा कागद फाटला की तो वाटेल तेव्हा फडफडतो, त्याला हिशेब नाही. पेडलचा बिघाड मात्र इतका हिशेबी असतो की बघून मजा वाटते.

तार छेडली की पिकपमधनं (तारांखालचं चुंबक-कॉइल) अगदी थोडा व्होल्टेज निघतो, व्होल्टच्या दहाव्या भागापासून फार तर एखाद्या व्होल्टपर्यंत. पेडल तो कित्येक पट वाढवायला जातं, पण वाटेत डायोड (एकाच दिशेनं वीज जाऊ देणारे बारके भाग) बसवलेले असतात, आणि साधा सिलिकॉन डायोड 0.6 व्होल्टच्या आसपास वाहायला लागतो, त्याच्यावर व्होल्टेज चढूच देत नाही. बागेतली मेंदी माळी कात्रीनं एका उंचीवर छाटतो तशी लहर वरनं आणि खालनं छाटली जाते. याला क्लिपिंग म्हणतात.

छाटलं म्हणजे काहीतरी कमी झालं असं वाटेल. पण इथं उलटं होतं, छाटल्यामुळं नवीन स्वर जन्माला येतात. अण्णांना हे पटेना, म्हणून प्रयोग केला. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप टाकलं, 110 हर्ट्झचा शुद्ध सूर लावला (गिटारच्या ए तारेचा तोच सूर), तो ओव्हरड्राइव्हमधून भाच्याच्या ऑडिओ इंटरफेसला आणि तिथनं लॅपटॉपवर. पेडल बंद असताना स्क्रीनवरच्या आलेखात (कुठली कंपनसंख्या किती जोरात ते दाखवणारा) एकच सुळका, 110 वर. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) फुल्ल करून पेडल दाबलं आणि सुळके उगवले: 330, 550, 770, 990, पुढं बारीक होत गेलेले. 220 वर नावाला काहीतरी, 440 वर तसंच.

आता 110 ला सा धरा. 220 म्हणजे वरचा सा, 330 म्हणजे त्याचा पंचम. 440 पुन्हा सा, 550 त्याच्यावरचा गंधार. म्हणजे एकट्या सा चं डोकं छाटलं आणि आत न वाजवलेले प आणि ग वाजायला लागले! 770 ला जे येतं ते कोमल निषादाच्या थोडं खाली, पेटीवर सापडत नाही, आणि डिस्टॉर्शनला जो जरा कडवट दात असतो तो बराचसा तिथनं येतो असं माझं मत.

हे का होतं? कुठलीही परत परत येणारी लहर ही साध्या गोल लहरींची बेरीज असते, मूळ कंपनसंख्येच्या एक पट, दोन पट, तीन पट अशा. हे फूरियेचं गणित, 1822 च्या त्याच्या ग्रंथातलं, आणि ग्रंथ होता उष्णतेवर, संगीतावर नव्हे. छाटलेल्या लहरीला कोपरे येतात, आणि नुसत्या संथ गोल लहरी एकत्र करून कोपरा होत नाही, त्याला भराभर हलणाऱ्या लहरी लागतात. पूर्ण चौकोनी लहर झाली तर तिसरा स्वर मूळच्या एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश, असं उतरत जातं.

आणि 220 का नाही? वरची बाजू आणि खालची बाजू सारखीच छाटली असेल तर लहरीचा दुसरा अर्धा भाग हा पहिल्या अर्ध्याची उलटी प्रत असतो. दुप्पट वेगाची लहर दोन्ही अर्ध्यांत सारखीच दिसते, उलटी होत नाही, म्हणून तिला त्या बेरजेत जागाच मिळत नाही. एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन लावले की हा तोल मोडतो आणि सम पटीतले स्वरही येतात. वरचे सा, म्हणून तो आवाज जरा भरीव वाटतो.

अण्णा म्हणाले, "हे जवारीसारखं झालं की." आणि मी थांबलोच. अगदी बरोबर! मिरजेचे तानपुरे (2024 साली तिथल्या सतार-तानपुऱ्यांना जीआय मानांकन मिळालं) का घुमतात? घोडीचा माथा सपाट-गोलसर घासलेला असतो, त्यावर सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, तार हलताना त्या माथ्याला घासून जाते आणि तिच्यात वरचे स्वर उमटतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावर लिहिलंय: जिथं तार छेडली तिथं ज्या स्वराचा स्थिर बिंदू येतो तो स्वर नियमानं उमटायला नको, पण तानपुऱ्यात तो ठणठणीत उमटतो. गायक कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, ज्या भागात असे कान तयार झाले तिथं डिस्टॉर्शनला फाटका आवाज म्हणायचं म्हणजे अवघडच. यंत्रणा वेगळी आहे हां, एकीकडं लाकूड-हाड आणि एकीकडं डायोड, पण साधी तार वाकवून-अडवून तिच्यातनं वरचे स्वर काढायचे, हा खटाटोप एकच.

आता माझी आवडती गोष्ट, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. चारातलं ओव्हरड्राइव्ह हे ट्यूब स्क्रीमर जातीचं आहे, म्हणजे आयबानेझनं 1970 च्या दशकाच्या शेवटी काढलेल्या हिरव्या डबीचं सर्किट. साध्या डिस्टॉर्शनमध्ये डायोड सिग्नलच्या वाटेतनं सरळ ग्राउंडला जोडतात, 0.6 च्या वर सगळं कापलं, माथा स्लॅबसारखा सपाट. इथं मात्र डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणारी चिप) फीडबॅकच्या वाटेत आहेत, म्हणजे आऊटपुटमधला भाग परत इनपुटकडे जातो त्या रस्त्यावर. सिग्नल लहान असेल तोवर डायोड झोपलेले, गेन पॉट (फिरवायचं बटण) जिथं असेल त्याप्रमाणं साधारण 12 पट ते 118 पट (51 किलो ओहम अधिक 500 चा पॉट, भागिले 4.7, त्यात एक मिळवा). फीडबॅकवरचा व्होल्टेज 0.6 कडे गेला की डायोड उघडतात आणि गेन घसरतो, पण शून्याकडे नाही, एकाकडे! कारण नॉन-इन्व्हर्टिंग (लहर उलटी न करणाऱ्या) ऑप-अँपचा गेन एकाच्या खाली जातच नाही. म्हणजे आऊटपुट म्हणजे मूळ सिग्नल अधिक डायोडवर अडकलेले ते 0.6 व्होल्ट. छाटलेल्या लहरीच्या डोक्यावर मूळ लहर जशीच्या तशी बसलेली असते, स्लॅबच्या जागी कौलारू छप्पर. म्हणून बोट हलकं लावलं की साफ, जोरात लावलं की घरघर, आणि दोन्हीत तुमचा हात ऐकू येतो. त्याच 4.7 किलो ओहमला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलाय, हिशेब केला तर 720 हर्ट्झ येतात, त्याच्या खाली गेन कमी कमी होत जातो, म्हणून खर्ज चिखल होत नाही.

हुश्श. भाच्याला हे चित्र काढून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा फोन बाजूला ठेवून बसला.

दोन स्वर एकदम वाजवले की छाटणी अजून मजा करते. छाटलं की दोघांच्या बेरजा-वजाबाक्यांचे स्वरही निघतात. सा 110 आणि प 165, एकाची दुप्पट वजा दुसरा: 220 वजा 165 म्हणजे 55. खालचा सा, खर्ज, दोन्ही वाजवलेल्या स्वरांच्या खाली! रॉकवाले नुसतं सा-प का धरतात याचं उत्तर हे. तोच खेळ सा-ग वर केला तर गिटारचा गंधार समान अंतराच्या पट्टीचा, 138.6, दुप्पट वजा 110 म्हणजे 167.2 येतं आणि कॉर्डमधल्या 164.8 च्या पंचमाशी ते भांडतं, सेकंदाला दोनेकदा वांव वांव. भाच्याला वाटायचं आपली गिटार बेसूर आहे.

बेसचं पेडल वेगळंच. बेसची जाड तार 41 हर्ट्झ, ऑर्केस्ट्राच्या लहान बॉक्सना ते झेपत नाही आणि मोबाइलच्या स्पीकरला तर अजिबात नाही. तरी डिस्टॉर्शन लावलेला बेस मोबाइलवर ऐकू येतो, कारण 82, 123, 165 असे वरचे स्वर कानात गेले की मेंदू त्यांच्यातलं अंतर बघून 41 चा मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. फक्त बेसला गिटारचं ओव्हरड्राइव्ह लावू नका, वर सांगितलेल्या 720 च्या भानगडीमुळं आवाज पोकळ होतो. बेसच्या पेडलला ब्लेंडचं बटण असतं, साफ आवाज सोबत मिसळायला, ते नसेल तर घेऊच नका.

आता थोडं भांडण. या ओव्हरड्राइव्हमध्ये 4558 नावाची चिप असते आणि अमुक छापाची जुनी चिप असेल तरच खरा आवाज, अशी एक श्रद्धा आहे. भाच्यानं त्यासाठी भरपूर पैसे घालून एक मागवली होती. माझ्या रिपेरीच्या डब्यातली दहा-वीस रुपयांची 4558 काढली, पेडलमध्ये सॉकेट होतंच, भाच्याला पाठ करून बसवलं आणि दहा वेळा चिपा बदलल्या. सहा वेळा ओळखलं. नाणं उडवलं तरी एवढं येतं. तो नाराज झाला, पण काय करणार. दुसरी श्रद्धा 432 हर्ट्झची, 440 सोडून 432 ला ट्यून केलं की म्हणे विश्वाशी सूर जुळतो. अहो, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, आणि सेकंद माणसानं ठरवलाय, विश्वाला सेकंद माहीतच नाही!

पेडल ट्राय करताना एकच पथ्य पाळा, आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरासं मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं, आपल्याकडचे डॉल्बीवाले याच्यावरच जगतात. (खरं तर डॉल्बी ही कंपनी टेपची खरखर कमी करण्यावरनं नावाला आली, आणि आपल्याकडं डॉल्बी म्हणजे खिडक्यांच्या काचा हलवणारी भिंत.) फोनवरचं साउंड मीटर त्याला पुरतं.

फझ परत गेलं. छान होतं, पण जर्मेनियमचा लीकेज करंट (नको असताना झिरपणारी वीज) दर दहा अंशाला जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे पावसाळ्यात माडीवर गोड वाजलेलं फझ मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात घशात काहीतरी अडकल्यासारखं वाजणार. आणि वायफाय राउटरचा अडॅप्टर लावू नका, पेडलना बहुतेक 9 व्होल्ट आणि आतला टोक मायनस लागतं, राउटरचं साधारण उलटं असतं. भाच्यानं एक असं जाळलंय, आईला सांगितलेलं नाही.

डिस्टॉर्शनही परत गेलं. बेसचं पेडल बेसवाल्याकडे. उरलं ओव्हरड्राइव्ह, तर अण्णा खाली जाऊन आपला बेंजो घेऊन आले. बेंजोच्या जोडतारा कधी तंतोतंत सुरात नसतात, त्यांची ती बारीक थरथर छाटणीत इतकी ठसठशीत झाली की गल्लीतली पोरं खिडकीखाली जमली. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन "एनप्पा इदु?" (हे काय रे?) म्हणाल्या. अण्णांनी अजून दोन गाणी वाजवली आणि पेडल "आठवड्यासाठी" म्हणून पिशवीत घातलं.

मंगळवारी सकाळी त्यांचा फोन. "बंद पडलं की गा तुमचं यंत्र, परवाच नवी बॅटरी घातलेली." या पेडलमध्ये इनपुटला वायर घातली की बॅटरी चालू होते, पाय दाबा नाहीतर नका दाबू. विचारलं, "वाजवून झाल्यावर वायर काढली होती काय?"

"वायर कशाला काढायची?"