फोटोतला अनोळखी वटवट्या: रंगाआधी पंख का पाहतात?

वटवट्यासारख्या (इंग्रजीत वॉर्बलर) चिमुकल्या स्थलांतरी पक्ष्याचा फोटो समोर आला की जाणकार आधी पंखाचे टोक शोधतात. ही सवय डिजिटल कॅमेऱ्याहून बरीच जुनी आहे.

इंग्लंडमधल्या सेलबोर्नचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर हे तीन वेगळे पक्षी असल्याचे मुख्यतः आवाजावरून ठरवले. फोटोत नेमका हा आवाजच नसतो.

एकोणिसाव्या शतकात ओळख पटायची ती बंदुकीने मारलेल्या पक्ष्याच्या नमुन्यावरून. रंग फिका पडला तरी पिसांची मापे टिकत, म्हणून पंखसूत्राला, म्हणजे पंखाच्या पिसांची तुलनात्मक लांबी आणि आकार यांना, महत्त्व आले. बाहेरून मोजल्यास चिफचॅफच्या तिसऱ्या ते सहाव्या प्राथमिक पिसाची (पंखाच्या टोकाकडच्या लांब उड्डाणपिसाची) बाहेरची कड टोकाकडे निमुळती होते. विलोत ती फक्त तिसऱ्या ते पाचव्याची. भारतातले ब्रिटिश अधिकारी आणि पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांना १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात मिळालेला मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या कित्येक दशके त्या एकाच नमुन्यावरून माहीत होता. २००६ मध्ये थायलंडमध्ये पक्षी पकडून त्यांच्या पायात ओळखीची कडी घालताना लांब चोच आणि आखूड पंखांचा एक पक्षी हाती आला. त्याच्या पिसांतला डीएनए ह्यूम यांच्या नमुन्याशी जुळला, तेव्हा ओळख पक्की झाली.

दुर्बिणीचे युग आले आणि १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांच्या फील्ड गाइडने ठळक खुणांवर भर दिला. पण चिफचॅफ, विलो यांसारख्या एकसारख्या दिसणाऱ्या पर्ण वटवट्यांत ठळक खूण असतेच कुठे? बारीक मोजणीशिवाय इथे भागत नाही, आणि डिजिटल फोटोमुळे ती पक्षी न पकडता करता येऊ लागली.

त्यासाठी पंख मिटलेला, अगदी बाजूने घेतलेला फोटो लागतो. मिटलेल्या पंखावर वरची तीन टर्शियल पिसे, म्हणजे अंगाजवळची सर्वांत आतली पिसे, दिसतात. त्यांच्यापुढे डोकावणाऱ्या प्राथमिक पिसांची लांबी टर्शियलच्या दिसणाऱ्या लांबीशी ताडून पाहा. चिफचॅफमध्ये ती साधारण निम्मी, दूरचा पल्ला गाठणाऱ्या विलोमध्ये पाऊण किंवा जास्त भरते. पक्षी जरा तिरका बसला तरी हे गुणोत्तर बिघडते, म्हणून एकाच पक्ष्याचे अनेक फोटो हवेत.

रंग मात्र फसवतो. पानांतून झिरपणारा उजेड पोट हिरवट दाखवतो, कललेले ऊन पिवळेपणा वाढवते, जास्त एक्स्पोजरमध्ये पंखावरची फिकी पट्टी पुसली जाते. हिरवट पर्ण वटवट्याची तीच पट्टी पिसे झिजूनही नाहीशी होते, म्हणून फोटोची तारीख जपावी. धार वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरने पिसांच्या कडांना खोटी पांढरी किनार येते. मोजणी नेहमी मूळ फाइलवरच करावी.